पन्नास टक्क्यांवरून एकोणतीसवर: ॲबोरिजिनल वस्त्यांत सिगरेट कशी कमी होत गेली

ऑस्ट्रेलियात २००४-०५ च्या आरोग्य पाहणीत देशाच्या मूळ रहिवाशांत, म्हणजे ॲबोरिजिनल आणि टोरेस स्ट्रेट बेटांवरच्या प्रौढांपैकी जवळपास निम्मे लोक रोज सिगरेट ओढत होते. २०१८-१९ मध्ये पंधरा वर्षांवरच्यांत हा आकडा ३७ टक्क्यांवर आला आणि २०२२-२३ च्या पाहणीत २९ टक्क्यांवर. बाकीच्या ऑस्ट्रेलियात रोज ओढणारे साधारण दहातला एक. म्हणजे दरी अजून मोठीच आहे. तरी वीसेक वर्षांत एका मोठ्या समाजातली सिगरेट एवढी उतरणं ही सहज घडणारी गोष्ट नाही. ती कशामुळे उतरली आणि अजून कुठे अडते, ते इथे पाहू.

आधी नावाचा घोळ सोडवू. ॲबोरिजिनल या शब्दाचं मराठीत सरसकट 'आदिवासी' केलं जातं. त्याने डोळ्यांपुढे रान, पाडा, वाळवंट येतं. प्रत्यक्षात ऑस्ट्रेलियाच्या मुख्य भूमीवर अडीचशेहून जास्त मूळ भाषा होत्या, आणि टोरेस स्ट्रेटमधले, म्हणजे ऑस्ट्रेलिया आणि न्यू गिनी यांच्यामधल्या सामुद्रधुनीतले, बेटवासी हे वेगळेच लोक. २०२१ मध्ये दोन्ही मिळून लोकसंख्या सुमारे ९ लाख ८४ हजार, देशाच्या ३.८ टक्के. त्यातले बहुसंख्य सिडनी, ब्रिस्बेनसारख्या शहरांत किंवा छोट्या गावांत राहतात. दुर्गम भागात राहणारे सातातला एक. त्यामुळे 'वाळवंटातल्या वस्तीवर डॉक्टरांची गाडी पाठवा' हा उपाय फार थोड्यांना लागू पडतो.

तंबाखूची किंमत हा समाज जिवाने मोजतो. २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासाप्रमाणे ४५ वर्षांवरच्या ॲबोरिजिनल आणि टोरेस स्ट्रेट लोकांच्या मृत्यूंपैकी सुमारे निम्मे धूम्रपानामुळे होतात. कधीच न ओढलेला माणूस ओढणाऱ्यापेक्षा सरासरी दहा वर्षं जास्त जगतो.

तंबाखू पगारात मिळायची

गोरे लोक येण्याआधी या खंडात निकोटिन नव्हतं असं नाही. मध्य ऑस्ट्रेलियात 'पितुरी' नावाचा चघळायचा प्रकार फार जुना आहे. काही ठिकाणी त्यासाठी रानतंबाखू वापरत, काही ठिकाणी ड्युबॉइशिया नावाच्या झुडपाची पानं. पानं वाळवायची, ठराविक बाभूळवर्गीय झाडाची राख त्यात मिसळायची, गोळी करून गालात धरायची. मध्ये विश्रांती हवी तर तीच गोळी कानामागे चिकटवून ठेवायची.

मराठी वाचकाला हे ओळखीचं वाटेल. तळहातावर तंबाखू घेऊन त्यात चुना मळतात तो याच कारणाने. राख काय किंवा चुना काय, दोन्ही अल्कधर्मी. अल्कधर्मी वातावरणात निकोटिन मोकळं होतं आणि तोंडाच्या आतल्या त्वचेतून झटकन रक्तात उतरतं. ही गोष्ट लक्षात ठेवा, निकोटिन गमकडे, म्हणजे सिगरेट सोडवायला देतात त्या गमकडे, आल्यावर ती पुन्हा लागणार आहे.

उत्तर किनाऱ्यावर सुलावेसीहून समुद्रकाकडी गोळा करायला येणाऱ्या मकासारी खलाशांनी ओढायची तंबाखू आणि लांब नळीचे पाइप आणले. पण सगळीकडे रोज ओढण्याची सवय लागली ती वसाहतीच्या काळात, शिधा म्हणून. मिशनऱ्यांच्या वस्त्या, सरकारी छावण्या आणि गुरांची अवाढव्य कुरणं, जिथे ॲबोरिजिनल माणसं राबत, तिथे मोबदला म्हणून पीठ, साखर, चहा आणि तंबाखू मिळे. रोख पैसा नाहीच किंवा नावापुरता. नॉर्दर्न टेरिटरीत कुरणांवरच्या ॲबोरिजिनल कामगारांना समान वेतन देण्याचा निकाल १९६६ मध्ये लागला आणि तो अंमलात आला डिसेंबर १९६८ मध्ये. म्हणजे ज्या आजोबांना तरुणपणी आठवड्याच्या शिध्यात तंबाखू मिळाली, त्यांची नातवंडं आज चाळिशी-पन्नाशीत आहेत. 'सिगरेट ही आमची संस्कृती नाही, ती आम्हाला वाटली गेली' असं इथले कार्यकर्ते म्हणतात तेव्हा त्यामागे हा हिशेब असतो. 'व्यसनी समाज' हा शिक्का मारणाऱ्यांनी तो आधी वाचावा.

सोडायची इच्छा कमी आहे का?

नाही. २०१२-१३ मध्ये 'टॉकिंग अबाउट द स्मोक्स' नावाचा प्रकल्प झाला. समाजाच्याच आरोग्य संस्था आणि मेन्झीस संशोधन संस्था यांनी मिळून अडीच हजारांच्या आसपास लोकांशी बोलून तो केला. रोज ओढणाऱ्यांपैकी साधारण ७० टक्के लोकांना सोडायची होती आणि बहुतेकांनी एकदा तरी प्रयत्न केला होता. कमी पडत होतं ते टिकणं. इतर ऑस्ट्रेलियन ओढणाऱ्यांपेक्षा दीर्घकाळ सोडून राहिलेले कमी आणि आयुष्यात कधी निकोटिनचा पॅच (कातडीवर लावायची चिकटपट्टी) किंवा गम वापरून पाहिलेलेही कमी.

इथे एक गैरसमज मोडतो. या लोकांना तोटे माहीत नाहीत, म्हणून भित्तिपत्रकं लावा, हा उपाय अनेक वर्षं चालला. तोटे माहीत होतेच. अडत होतं घरात, मित्रांत आणि औषधाच्या मात्रेत.

घराचं आधी घेऊ. एका घरात तीन पिढ्या, येणारे-जाणारे पाहुणे, त्यातले चार-पाच ओढणारे. पाकीट एकाचं नसतंच, ते घरातल्या सगळ्यांचं. कोणी मागितली तर द्यायची हा नात्याचा नियम. इंग्रजीतून घडलेल्या तिथल्या क्रिओल बोलीत अशा सततच्या मागण्यांना 'हंबग' म्हणतात. सिगरेट नाकारली तर 'आमच्यात बसायचा नाही का तू?' असा अर्थ निघतो. आपल्याकडे पानाचा डबा पुढे आला की नको म्हणणाऱ्याकडे जसं पाहतात, तसंच.

यात भर पडते 'सॉरी बिझनेस'ची, म्हणजे मृत्यूनंतरच्या विधींची. नातं मोठं, आणि माणसं अकाली जातात म्हणून मयतंही फार. कित्येक दिवस सगळे एकत्र, दुःखात, बाहेर शेकोटीभोवती. सहा महिने टिकलेला माणूस तिथे पहिला झुरका घेतो. सोडण्याचा आराखडा करताना हे दिवस आधीच धरावे लागतात.

समाजाच्या ताब्यातले दवाखाने

१९७१ मध्ये सिडनीच्या रेडफर्न भागात पहिला ॲबोरिजिनल दवाखाना उघडला, समाजाने स्वतः चालवलेला. कारण साधं होतं: सरकारी दवाखान्यात अपमान व्हायचा, म्हणून लोक जायचेच नाहीत. आज अशा समाजनियंत्रित आरोग्य संस्था देशभर १४० च्या वर आहेत. त्यांचं मंडळ समाजाने निवडलेलं असतं, कर्मचाऱ्यांत नात्यातली माणसं असतात.

२००५ मध्ये ऑस्ट्रेलियाच्या मानवी हक्क आयोगाचे सामाजिक न्याय आयुक्त टॉम काल्मा यांनी एका पिढीत आरोग्याची समानता आणावी अशी मागणी अहवालातून केली. त्यातून 'क्लोजिंग द गॅप' हे राष्ट्रीय धोरण उभं राहिलं. २०१० मध्ये 'टॅकलिंग इंडिजिनस स्मोकिंग' हा कार्यक्रम सुरू झाला आणि त्याचे राष्ट्रीय समन्वयक म्हणून काल्मांनाच नेमलं. पैसा केंद्राचा, पण काम प्रादेशिक तुकड्यांचं, आणि त्यातल्या बहुतेक तुकड्या समाजनियंत्रित आरोग्य संस्थांमध्येच बसवलेल्या.

या तुकड्या काय करतात? शाळांत जातात, फुटबॉलच्या सामन्यात तंबू टाकतात, दुकानदाराशी बोलतात, घराच्या दाराला लावायच्या पाट्या त्या गावच्या भाषेत आणि तिथल्या चित्रकाराकडून करून घेतात, वडीलधाऱ्या 'आंटी' आणि 'अंकल' मंडळींना पुढे करतात. हे दोन शब्द तिथे आपल्या मावशी-काकांसारखे, आदराचे. आंटीने अंगणात 'इथे ओढायचं नाही' म्हटलं की वाद संपतो. तेच सरकारी पाटीने म्हटलं तर पाटीखालीच थोटकं पडतात.

क्वीन्सलँडमधला 'डेडली चॉइसेस' हा उपक्रम याच धाटणीचा. 'डेडली' म्हणजे त्यांच्या बोलीत 'झकास'. वार्षिक आरोग्य तपासणी करून घेतली की फुटबॉल संघाचा खास टी-शर्ट मिळतो. तो टी-शर्ट दुकानात विकत मिळत नाही, म्हणून पोरं आईवडिलांना ओढत तपासणीला नेतात. तपासणीत सिगरेटचा प्रश्न असतोच, आणि तिथून पुढचं काम सुरू होतं. टी-शर्ट वाटला आणि पुढचा फोन केलाच नाही, तर मात्र पैसा वाया. हा दोष अनेक कार्यक्रमांत दिसतो.

सरकारी पैशाचाही दोष आहे. २०१४ च्या अर्थसंकल्पात या कार्यक्रमाचे पाच वर्षांतले १३ कोटी डॉलर कापले गेले. एकेक वर्षाचे करार, मग प्रशिक्षित माणूस दुसरी नोकरी धरतो, आणि ज्याच्यावर गावाचा विश्वास बसला होता तोच जातो. विश्वास नव्या माणसाबरोबर आपोआप येत नाही. पुढे निधी पुन्हा वाढला. २०२३ मध्ये सुमारे १४ कोटी डॉलर देऊन कामात व्हेपिंगचाही (ई-सिगरेट ओढण्याचाही) समावेश केला गेला.

एका माणसाला सोडवायचं तर

आता जवळून पाहू. समजा चाळिशीतली एक बाई दवाखान्यात आली, रोज वीस सिगरेटी ओढणारी. आरोग्य कार्यकर्तीचा सर्वांत उपयोगी प्रश्न एकच: उठल्यावर पहिली सिगरेट किती वेळाने? अर्ध्या तासाच्या आत असेल तर शरीर निकोटिनवर बांधलेलं आहे आणि नुसत्या मनोनिग्रहावर ती फार टिकणार नाही. यानंतर विचारायचं: घरात आणखी कोण ओढतं, गांजा ओढता का, आधी सोडली होती तेव्हा किती दिवस टिकली आणि कशाने मोडली.

गांजाचा प्रश्न टाळू नये. बऱ्याच ठिकाणी गांजा तंबाखूत मिसळून ओढतात. माणूस प्रामाणिकपणे म्हणतो, सिगरेट सोडली. पण गांजातून निकोटिन चालूच राहतं, मग पंधरा दिवसांनी सिगरेटही परत येते आणि 'पॅच कामाचा नाही' असा निष्कर्ष निघतो.

अशा व्यक्तीला २१ मिलिग्रॅमचा २४ तासांचा पॅच आणि शिवाय गम किंवा चघळायच्या गोळ्या, असं दुहेरी द्यायचं. एकट्या पॅचमधून रक्तात जाणारं निकोटिन सिगरेटच्या साधारण निम्म्यापर्यंत पोचतं आणि तेही हळूहळू. तो दिवसभराचा पाया समजायचा. मधूनच उसळणाऱ्या तलफेसाठी झटपट काहीतरी लागतं, ते काम गमचं. नेहमीची चूक मात्रेची: कमी शक्तीचा पॅच द्यायचा, एकटाच द्यायचा आणि दोन आठवड्यांत थांबवायचा. निदान आठ आठवडे हवेत, बारा असतील तर उत्तम. ॲबोरिजिनल आणि टोरेस स्ट्रेट रुग्णांना सरकारी औषध योजनेत वर्षाला पॅचचे बारा-बारा आठवड्यांचे दोन कोर्स मिळू शकतात. एक फसला तर दुसऱ्याची सोय असते, हे रुग्णाला पहिल्याच दिवशी सांगावं.

पॅच लावायची रीत: केस नसलेली, कोरडी, स्वच्छ जागा. दंडाची बाजू, पाठ किंवा छातीचा वरचा भाग. तेल-क्रीम लावलेलं नको. तळहाताने दहा सेकंद दाबून धरायचं. रोज जागा बदलायची, नाहीतर कातडी लाल होऊन खाजते आणि माणूस पॅच काढून टाकतो. उत्तरेकडच्या दमट उन्हात घामाने कडा सुटतात, तिथे वरून वैद्यकीय चिकटपट्टी मारतात. रात्री विचित्र स्वप्नं पडून झोप मोडत असेल तर झोपताना काढावा, पण मग सकाळी उठल्या उठल्या नवा लावायचा आणि पहिल्या तलफेला लगेच गम घ्यायचा.

गमचं मात्र बहुतेकांचं चुकतं. तो च्युइंग गमसारखा चघळत बसायचा नसतो. तोंडात झिणझिण किंवा मिरीसारखं लागेपर्यंत चावायचा, मग गाल आणि हिरडीच्या मध्ये ठेवून द्यायचा. म्हणजे तंबाखूचा बार धरतात तसा. झिणझिण गेली की परत दोनचारदा चावायचा आणि जागा बदलून ठेवायचा. असा अर्धा तास. सतत चावला तर निकोटिन लाळेबरोबर पोटात जातं, उचक्या लागतात, घशात जळजळ होते, आणि रक्तात मात्र पुरेसं पोचत नाही.

आता ती राख आणि चुना आठवा. गममध्येही अल्कधर्मी क्षार घातलेला असतो, त्याच कामासाठी. म्हणून कोला, कॉफी, फळांचा रस असं आम्लधर्मी काही पिऊन गम तोंडात टाकला तर तो क्षार मारला जातो आणि निकोटिन अडकून पडतं. गमच्या पंधरा मिनिटं आधीपासून आणि गम तोंडात असताना पाण्याशिवाय काही नको. दिवसभर कोलाची बाटली हातात असलेल्या तरुणाला हे सांगितलं नाही, तर त्याचा गम फुकट जातो आणि त्याला वाटतं, आपल्यावर औषध चालतच नाही.

कॉफीचं आणखी एक. सिगरेटच्या धुरातले काही घटक यकृतातलं असं एक विकर (एन्झाइम) वाढवतात जे कॅफिनचा फडशा पाडतं. ओढणं थांबलं की ते विकर मंदावतं आणि त्याच चार कप कॉफीतलं कॅफिन रक्तात जास्त वेळ साचून राहतं. धडधड, चिडचिड, झोप नाही. माणूस त्याला निकोटिनची उपासमार समजतो. उपाय सोपा: चहा-कॉफी निम्मी करा. हेच विकर ओलान्झापिन आणि क्लोझापिन या मानसिक आजारावरच्या गोळ्याही मोडतं. सिगरेट सोडताना त्यांची रक्तातली पातळी वाढू शकते, म्हणून अशा रुग्णाच्या डॉक्टरला आधी कळवायलाच हवं. हे निकोटिनमुळे होत नाही, धुरामुळे होतं, त्यामुळे पॅच लावला तरी ही काळजी टळत नाही.

गोळ्यांमध्ये व्हॅरेनिक्लिन परिणामकारक आहे. पहिले तीन दिवस ०.५ मिलिग्रॅम एकदा, चौथ्या ते सातव्या दिवशी ०.५ दोनदा, आठव्या दिवसापासून १ मिलिग्रॅम दोनदा, एकूण बारा आठवडे. सोडायचा दिवस दुसऱ्या आठवड्यात ठरवतात. मळमळ हा मुख्य त्रास. गोळी जेवणानंतर आणि भरपूर पाण्याबरोबर घेतली की बराच कमी होतो. गरोदरपणी आणि अठरा वर्षांखाली ती देत नाहीत.

'कमी करते हळूहळू' म्हणणाऱ्याला नाउमेद करू नये, पण एक खरं सांगावं. विसाच्या दहा सिगरेटी केल्या तर माणूस नकळत प्रत्येक झुरका खोल ओढतो, थोटकापर्यंत ओढतो, आणि निकोटिनसकट विषाची मात्रा जवळपास तेवढीच भरून काढतो. कमी करताना अंगावर पॅच असेल तरच हे टळतं. सोडण्याच्या दोन आठवडे आधीपासून पॅच लावून ठेवणं म्हणूनच उपयोगाचं ठरतं.

गरोदर बायका

२०२१ मध्ये ॲबोरिजिनल आणि टोरेस स्ट्रेट मातांपैकी साधारण दहातल्या चार गरोदरपणात ओढत होत्या. २००९ मध्ये हे प्रमाण निम्म्याच्या आसपास होतं. इथे दोष बऱ्याचदा दवाखान्याचा असतो. डॉक्टर आणि सुइणी संकोचतात: तिच्यावर आधीच इतके ताण आहेत, आणखी काय बोलायचं. किंवा 'थोडी कमी कर' म्हणून विषय संपवतात. किंवा निकोटिन देण्याला घाबरतात. सिगरेटमध्ये निकोटिन आहेच, शिवाय कार्बन मोनॉक्साइड आणि हजारो रसायनं. गम त्यापेक्षा निश्चित बरा.

क्रम असा: आधी समुपदेशन, मग तोंडातले प्रकार, म्हणजे गम, गोळ्या किंवा फवारा. त्याने भागलं नाही तर पॅच, तोही १६ तासांचा, रात्री काढायचा. गरोदरपणी शरीर निकोटिन लवकर बाहेर टाकतं, त्यामुळे मात्रा नेहमीपेक्षा जास्त लागू शकते. 'गरोदर आहे म्हणून अर्धाच गम' असं केलं की ती आठवड्यात परत सिगरेटकडे. 'आयसिस्टाक्विट' या प्रशिक्षणात दवाखान्यांना हेच शिकवतात, आणि शेवटी एक पायरी आवर्जून ठेवतात: तिच्या घरात काय चाललंय, नवरा-आई-बहीण ओढतात का, यावर बोला. एकटीने सोडणं आणि घरातली दोघंतिघं मिळून सोडणं यात फार अंतर आहे.

फुंकर मारायचं यंत्र

तुकड्यांच्या तंबूत सर्वांत गर्दी खेचतं ते श्वासातला कार्बन मोनॉक्साइड मोजायचं हातात मावणारं यंत्र. दीर्घ श्वास घ्या, पंधरा सेकंद रोखा, नळीत सावकाश फुंका. न ओढणाऱ्याचा आकडा पाच-सहाच्या आत, रोज ओढणाऱ्याचा दहा, वीस किंवा तीसच्याही पुढे. मजा अशी की हा वायू शरीरातून लवकर निघतो. एक दिवस पूर्ण बंद ठेवली तर आकडा जवळपास न ओढणाऱ्यासारखा येतो. फुप्फुसाचा कर्करोग वीस वर्षांनी होईल या धमकीपेक्षा कालचा बावीस आज पाचावर आलेला दिसणं माणसाला जास्त पटतं.

यंत्राची फसगतही होते. गांजाच्या धुराने आकडा चढतो, रात्रभर शेकोटीजवळ बसलेल्याचाही चढतो. म्हणून 'खोटं बोलतोस' असं म्हणण्याआधी रात्र कुठे गेली ते विचारायचं.

घर आणि गाडी

सोडायला तयार नसलेल्यांच्या घरातही एक काम आजच होऊ शकतं: धूर दाराबाहेर काढणं. ॲबोरिजिनल मुलांमध्ये कान वाहण्याचं प्रमाण फार आहे आणि दुसऱ्याच्या धुराने कानाचा संसर्ग वाढतो. कान वाहिला की ऐकू कमी येतं, मग शाळेत मागे पडणं आलंच. आईबापांना हा दुवा लगेच कळतो.

खिडकी उघडून ओढणं निरुपयोगी, धूर आत फिरतोच. बाहेर जागा ठरवायची तर ती खरोखर बसण्याजोगी हवी: सावली, दोन खुर्च्या, वाळूचा डबा, आणि दारापासून काही पावलं दूर. 'बाहेर ओढा' एवढंच सांगून सावली दिली नाही, तर ४० अंशांच्या उन्हात माणूस उंबरठ्यातच उभा राहणार. गाडीत मात्र काहीही तडजोड नको.

किंमत, तरुण आणि व्हेप

ऑस्ट्रेलियाने डिसेंबर २०१२ पासून सगळी पाकिटं एकाच मळकट रंगात आणली आणि २०१३ ते २०२० दरवर्षी तंबाखूवरचा कर साडेबारा टक्क्यांनी वाढवला. वीसचं पाकीट चाळीस डॉलरच्या आसपास गेलं. याचा सर्वांत जास्त फायदा तरुणांत दिसतो. २०१८-१९ मध्ये १५ ते १७ वयाच्या ॲबोरिजिनल आणि टोरेस स्ट्रेट मुलामुलींपैकी ८५ टक्क्यांनी कधीच सिगरेट ओढलेली नव्हती. टक्का उतरला त्यामागे सोडणारे आहेत, तसेच मुळात सुरूच न करणारेही आहेत.

पण करवाढ सगळ्यांना सारखी लागत नाही. जे सोडू शकले नाहीत ते बहुतेक गरीबच, आणि त्यांच्या घरात पाकिटाचे चाळीस डॉलर किराण्यातून जातात. शिवाय कर चढला तसा चोरट्या तंबाखूचा धंदा फुगला. आमच्या मते कर वाढवताना मोफत पॅच-गम दारात पोचवणं हे कर्तव्यच होतं. दोन्ही एकाच वेगाने झालं नाही. दुर्गम भागात घट उशिरा आणि सावकाश झाली ती काही अंशी यामुळेही असावी.

व्हेपचं नवं डोकेदुखीचं प्रकरण पोरांमध्ये आलंच. १ जुलै २०२४ पासून ऑस्ट्रेलियात व्हेप फक्त औषधाच्या दुकानातून विकायला परवानगी आहे. शाळेत सिगरेटविषयी कधीच प्रश्न न पडलेल्या मुलाला व्हेपमधलं निकोटिन लागू शकतं, त्यामुळे तुकड्यांना तोच धडा नव्याने मांडावा लागतो.

आकडे वाचताना

दोन पाहण्यांची तुलना करताना तीन गोष्टी तपासा: वय १५ वरचं की १८ वरचं, 'रोज ओढणारे' की 'सध्या ओढणारे', आणि दुर्गम भाग वेगळा दाखवलाय का. यांची सरमिसळ झाली की सात-आठ टक्के इकडेतिकडे सहज होतात. छोट्या वस्तीत तर पाहणी शक्यच नसते, तीनशे माणसांत टक्केवारी काय काढणार. तिथे संशोधकांनी एक चतुर युक्ती वापरली आहे. अनेक दुर्गम वस्त्यांत एकच दुकान असतं, मग त्या दुकानाने घाऊक बाजारातून किती तंबाखू मागवली, त्याची बिलं महिन्यागणिक पाहायची. लोक पाहणीत काय सांगतात यावर ते अवलंबून नसतं.

महाराष्ट्राशी तुलना करायची तर सावधपणे. २०१६-१७ च्या जागतिक प्रौढ तंबाखू पाहणीत महाराष्ट्रात २६.६ टक्के प्रौढ तंबाखू वापरत होते, पण ओढणारे फक्त ३.८ टक्के. बाकी सगळा कारभार खाण्याचा, विदर्भात खर्ऱ्याचा. गडचिरोलीत २०१६ पासून चालू असलेल्या 'मुक्तिपथ' कार्यक्रमातही गावागावातल्या लोकांच्या समित्यांवर भर आहे. पण तिथली सवय तोंडातली असल्यामुळे फुंकर मारायचं यंत्र खर्रा खाणाऱ्याबद्दल काहीच सांगणार नाही, आणि गम वापरायची रीत मात्र त्याला शिकवावीही लागणार नाही.

पुन्हा ओढली तर

बहुतेक जण एकदा तरी घसरतात, आणि सॉरी बिझनेसनंतर तर हमखास. तेव्हा एक सिगरेट ओढली म्हणून पॅच काढून टाकायचा नसतो. पॅचवर एखादी सिगरेट ओढल्याने हृदयविकाराचा झटका येतो ही अफवा अजून फिरते, आणि त्या भीतीने लोक पॅच फाडून सिगरेटच चालू ठेवतात. पॅच तसाच ठेवायचा, गम वाढवायचा, दुसऱ्या दिवशी कार्यकर्तीला फोन करायचा. ऑस्ट्रेलियात १३ ७८४८ या क्विटलाइनवर (सिगरेट सोडायला मदत करणाऱ्या फोन सेवेवर) ॲबोरिजिनल समुपदेशक मागता येतो, आणि ते स्वतः परत फोन करतात. पहिल्या आठवड्यात फोन जास्त ठेवतात, कारण तलफ तेव्हा शिगेला असते. एकेक तलफ काही मिनिटांत ओसरते. ती मिनिटं पाणी पिण्यात, चालण्यात, कोणाशी तरी बोलण्यात घालवायची.

मयताला जायचं असेल तर पिशवीत चार-पाच दिवस पुरेल इतका गम आणि जादा पॅच, आणि तिथे न ओढणारा एखादा भाऊ किंवा मामी आधीच हेरून ठेवायची, जिच्याजवळ जाऊन बसता येईल.